सतरा वर्षांची आई, दुसऱ्याचं घर आणि दर गुरुवारी मी: जाऊन नेमकं करू काय?

ओसरी
नमस्कार मंडळी. इथे वाचते खूप, लिहिते क्वचित. जिल्हा परिषदेच्या शाळेत 32 वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. राहते यवतमाळ जिल्ह्यात. [संपादन: तालुका आणि गाव काढून टाकलं आहे, कारण खाली प्रतिसादात आहे.]

मागच्या महिन्यात बाल संरक्षण कक्षातल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. बाल कल्याण समितीने एका मुलीला प्रतिपालक कुटुंबात ठेवलं आहे, म्हणजे आता सगळे फॉस्टर केअर म्हणतात ते. मुलीला 17 पूर्ण झालीत, कडेवर चार महिन्यांचा मुलगा. माहेरची दारं बंद. बाई म्हणाल्या, "मॅडम, आठवड्यातून एकदा जाल का? काही शिकवू नका, नुसतं सोबत. आम्ही त्याला मेंटर म्हणतो." मी हो म्हणून बसले.

पहिला गुरुवार. मी गेले तेव्हा त्या घरच्या काकू मोरीत पाटावर बसून, पाय पसरून, बाळाला न्हाऊ घालत होत्या. तेलाची वाटी, बेसन, कोपऱ्यात धुरीसाठी ओव्याचा निखारा, सगळं साग्रसंगीत. पोरगी दारात टॉवेल धरून उभी. मी विचारलं, बाळ झोपतं का नीट? काकूंनी सांगितलं. दूध पुरतं का? काकूंनी सांगितलं. डोस झाले का? काकूंनी पिशवीतून कार्डच काढून दाखवलं. पोरीने टॉवेलच्या दोनदा घड्या केल्या आणि दोनदा मोडल्या.

काकूंबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगते. बाई सोन्यासारखी आहे. पण एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, तिन्ही प्रश्न मीच बाळाबद्दल विचारले होते. पोरीला मी नावही विचारलं नाही. ते फायलीत वाचलं होतं ना.

दुसऱ्या गुरुवारी शहाणपणा करून वही-पेन घेऊन गेले. म्हटलं, नववीत शाळा सुटली आहे तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवू. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मले झोप पायजे."

आता उद्या तिसरा गुरुवार. कोणी असं काम केलं आहे का? जाऊन करायचं काय?

मोहफूल
ओसरीबाई, मी आशा हाये, सात वर्सं झाले. तुमच्या पोट्टीनं बराबर सांगतलं. झोप पायजे म्हणते त झोपू द्या तिले! उद्या जा, लेकरू तुम्ही घ्या, तिले म्हणा दोन घंटे पडून राय. वही राहू द्या घरी.

आमच्या भेटी पाहा कशा असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं त 3, 7, 14, 21, 28 आन् 42 व्या दिवशी, सहा भेटी. हे घरी येऊन बाळाले पाहाचं काम आपल्या गडचिरोलीतून निघालं, डॉ. अभय बंग आन् राणीताईच्या सर्च संस्थेतून, आन् मग साऱ्या देशात गेलं. चांगलंच काम हाये, म्या त्याच्यावरच जगतो. पण फॉर्म पाहाल त जास्ती रकाने बाळाचेच. वजन, ताप, नाळ, दूध. माय रडते काय, याले रकाना नाही. 42 व्या दिवसानंतर मंग तिसऱ्या महिन्याले जातो, मंग सहाव्या. मधात पोट्टी एकटी.

एक ध्यानात ठेवा. लेकराकडं पाहतच नाही, जेवत नाही, रात्री लेकरू झोपलं तरी ही टक्क जागी, असं दोन हप्ते दिसलं त त्याले "दृष्ट" म्हणून सोडू नका. आरोग्य केंद्रात न्या. फोनवर बोलाचं असन त टेली-मानसचा 14416, फुकट हाये, मराठीत बोलतात.

आन् गाव आदिवासी प्रकल्पात येत असन त अंगणवाडीत अमृत आहार आहे. बाळंतिणीले पहिले सहा महिने एक टाइम गरम जेवण भेटते. लेकराले चार महिने झाले म्हणता, म्हणजे दोनच महिने उरले. उद्याच नाव पाहा यादीत हाये का.

पळसगावकर
बाप्पा! मोहफूलताई, तुमचे प्रतिसाद वाचून आमच्या सौ. म्हणतात, ह्या बाईला आपल्या गावात बदलून आणा.

ॲड_वर्धेकर
ओसरीताई, सगळ्यात आधी: धाग्यातून तालुका आणि गाव काढा, आत्ताच. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. प्रकरण पोक्सोत, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, असेल तर तिथे कलम 23 वेगळं. "मी नाव कुठे लिहिलं?" हा बचाव चालत नाही. चार महिन्यांचं बाळ असलेली सतरा वर्षांची मुलगी तुमच्या तालुक्यात किती घरांत असेल, तुम्हीच सांगा.

बाकी सविस्तर रात्री लिहितो, कोर्टात आहे.

ओसरी
काढलं. खरंच लक्षात आलं नाही, आभार. बत्तीस वर्षं पोरांना "प्रश्न नीट वाचा" सांगत आले आणि स्वतः…

उगाच_एक
कटू वाटेल, पण बोलतो. सतरा वर्षांच्या मुलीला बाळ सांभाळायला लावून दोन आयुष्यं का नासवायची? मूल दत्तक द्यावं. चांगल्या घरात जाईल. मुलगी शिकेल, पुढे लग्न होईल. मेंटरने तिला हेच समजावावं. उगाच भावनिक होण्यात अर्थ नाही.

नागपुरी_संत्रं
उगाच_एक, आयडीला जागलात.

सतरा_नंबर
हा धागा तीन दिवस नुसता वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

मी बालगृहात वाढले. अकराव्या वर्षापासून. एकोणिसाव्या वर्षी आई झाले. लग्न झालं होतं, टिकलं नाही. मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त बडबड करते.

उगाच_एक, तुम्ही म्हणता ते मला प्रत्येकाने सांगितलं. नर्सबाईंनी, घरमालकिणीने, सासूने. वाईट कोणीच नव्हतं. पण सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी होती. मला कोणी विचारत नव्हतं, कळवत होते. दत्तक देणं वाईट नाही. माझ्यासोबतच्या एकीने दिलं, विचार करून दिलं, आणि तिने योग्यच केलं असं मला आजही वाटतं. पण ते तिने ठरवलं.

ओसरीताई, तुमच्यासाठी लिहायचं होतं ते हे. आमच्याकडेही "ताई" यायच्या. कॉलेजच्या, क्लबच्या, कंपन्यांच्या. यायच्या, खेळ घ्यायच्या, फोटो काढायच्या, "पुढच्या आठवड्यात येते हं" म्हणायच्या. आम्ही मुली पैज लावायचो, ही किती वेळा येईल. तीनच्या वर कोणी लावत नसे. एक बाई मात्र दर रविवारी दुपारी यायच्या आणि काहीच करायच्या नाहीत. पालेभाजी निवडायला बसायच्या आमच्यासोबत. सहा वर्षं आल्या. माझं लग्न मोडलं तेव्हा मी फोन लावला तो त्यांनाच. त्या काय म्हणाल्या, ठाऊक आहे? "जेवलीस का?"

तुमची पोरगी सध्या मोजते आहे. तीनपर्यंत आलीय.

पळसगावकर
सतरा_नंबर, काही लिहिता येत नाही. नमस्कार घ्या.

ॲड_वर्धेकर
सांगितल्याप्रमाणे. लांब होईल, पण हे एका जागी असू दे.

उगाच_एक यांच्या मुद्द्यावर आधी. मूल स्वाधीन करायचं झालं तर ते समितीपुढे, समुपदेशन झाल्यावर, आणि सही केल्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. कायद्यानेच तिला विचार बदलायची मुभा दिली आहे. मेंटरने "समजावणं" त्यात कुठेच बसत नाही. दबाव टाकून सही घेतली तर उद्या ते प्रकरण उभं राहील.

आता ओसरीताईंसाठी महत्त्वाचं. तुम्ही एका मुलीकडे जाता असं तुम्हाला वाटतं. कायद्याच्या लेखी तिथे दोन बालकं आहेत. आई 18 ची होईपर्यंत स्वतः बालक आणि तिचं बाळही बालक. फायली दोन हव्यात. अनेकदा एकच असते आणि दुसऱ्याचं नाव तिच्यात "सोबत" म्हणून लिहिलेलं असतं. हे उद्या जाऊन बघा. कारण ही पोरगी 18 ची झाली की तिचा प्रतिपालकत्वाचा आदेश संपतो. पुढे अनुरक्षण, म्हणजे 18 नंतरची देखभाल, आहे, 21 वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून 23 पर्यंत. पण ते आपोआप होत नाही, मागावं लागतं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी धावपळ करणारे मी पुष्कळ बघितलेत. अर्ज तीन-चार महिने आधी, लेखी, पोच घेऊन. आणि बाळ कुठे राहणार, कोणत्या आदेशाने, हे त्याच अर्जात विचारा.

जन्मदाखला: बापाचं नाव सांगितल्याशिवाय दाखला नाही, असं ग्रामपंचायतीत कोणी म्हणालं तर भांडू नका, शांतपणे सांगा. अविवाहित आई एकटीच पालक होऊ शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचं नाव लावायचंच आहे.

मुलगी आदिवासी असेल तर बाळाच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न पुढे येईल. मूल आईच्या समाजात वाढलं असेल तर आईची जात नाकारता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचाच 2012 चा निकाल आहे. दाखला शाळाप्रवेशाच्या वेळी काढू असं म्हणू नका. आईच्या वडिलांचे, आजोबांचे कागद आत्ताच गोळा करा. दारं बंद आहेत म्हणालात ना, ती कागदांसाठी तरी किलकिली करावी लागतील.

पोक्सोचं प्रकरण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेची चौकशी करा. 2023 मध्ये केंद्राने गरोदर अल्पवयीन पीडित मुलींसाठी निर्भया निधीतून वेगळी योजना काढली, 74.10 कोटींची. निवारा, प्रवास, वकील, पुढे 23 वर्षांपर्यंत अनुरक्षण असं सगळं तिच्यात आहे. तुमच्या जिल्ह्यात तिचा किती उपयोग झाला, हे बाल संरक्षण कक्षालाच विचारा.

फी नाही. नागपूरला आलात तर सावजी खाऊ घाला.

कडुलिंब
वकीलसाहेब, वाचनखुणेत टाकलं.

मला एका शब्दावर बोलायचं आहे. आपल्याकडे, विशेषतः झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात, अशा मुलींना "कुमारी माता" म्हणतात. सरकारी कागदात तोच शब्द, पेपरात तोच, गावात तोच. सर्वेक्षणं झाली, मंत्री येऊन गेले, शिलाई यंत्रं वाटली. त्यातल्या बऱ्याच जणी कोलाम आणि गोंड. मी त्या भागात ग्रामपंचायतीच्या कामाने फिरलो आहे. यादीत नाव आलं की ते पुसत नाही. मुलगी चाळीस वर्षांची झाली, मुलगा ट्रॅक्टर चालवायला लागला, तरी ती "कुमारी माता"च.

आणि गंमत बघा. आपल्या बाल संगोपन योजनेची दरमहा रक्कम 2023 मध्ये 1100 वरून 2250 रुपये झाली, नाव आहे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा सूचना लावली होती: या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्या अगर ठेवा, तुमच्या खुशीवर. न्या अगर ठेवा! तिथल्याच एका विधवेचा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. दीडशे वर्षांपूर्वी मुलीला निवड होती आणि यादी नव्हती.

उगाच_एक
"न्या अगर ठेवा", म्हणजे ठेवण्याचीही सोय होतीच की. मी तेच म्हणत होतो. असो. "समजावावं" हा शब्द चुकला, मान्य.

दूरदेशी
मूळची दर्यापूरची, सध्या इंग्लंडमध्ये. काही वर्षं एका कौन्सिलमध्ये मुलांच्या सेवेत काम केलं, म्हणून थोडं.

इथे आई आणि बाळ दोघांना एकत्र फॉस्टर घरात ठेवायची रीत आहे. ऐकायला छान. पण बहुतेक वेळा त्या मुक्कामात आईची पारख चालू असते. फॉस्टर बाई रोजची नोंद लिहिते: बाटली कधी दिली, बाळ रडल्यावर आई किती मिनिटांनी उठली. सोशल वर्कर ती वाचते. कोर्टात ती जाते. मुलीला हे ठाऊक असतं. म्हणून ती बाळाला हात लावायलाच घाबरते, आणि मग नोंद होते की "आईचा पुढाकार दिसत नाही".

तुमच्या पोरीने टॉवेलच्या घड्या केल्या, ते वाचून मला ते आठवलं.

इथे 2007 पासून फॅमिली नर्स म्हणून एक उपक्रमही आहे. मूळ अमेरिकेतला, डेव्हिड ओल्ड्स यांनी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यात सुरू केलेला. एकच नर्स गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत येते. तीच. बदलत नाही. आणि फॉस्टरमधून बाहेर पडलेल्यांना पंचविशीपर्यंत एक सल्लागार मागता येतो. पैसा आहे म्हणून जमतं, हे खरं. पण "तीच येते" याला पैसा लागत नाही.

एक विचारते: तुम्हाला अहवाल द्यावा लागतो का?

ओसरी
लागतो. दर महिन्याला एक पान. "बालकाची प्रगती", "मातेचे वर्तन", "शिफारस" असे तीन रकाने. "मातेचे वर्तन" वाचून माझ्या हाताला कंप सुटला. शाळेत प्रगतिपुस्तकं लिहिताना कधी सुटला नव्हता, तेव्हा सुटायला हवा होता.

तिसऱ्या गुरुवारचं सांगते. मोहफूलताईंचं ऐकलं. बाळ मी घेतलं, तिला म्हटलं जा झोप. तिने काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे. मग आत जाऊन झोपली ती पावणेतीन तास. मी आणि काकू अंगणात बसून शेंगा फोडल्या. तेव्हा काकूंनी सांगितलं, त्यांना वाटतं बाळाला काही झालं तर समिती त्यांनाच धरेल. म्हणून त्या मुलीच्या हाती देत नाहीत. मी इतके दिवस याला प्रेमच समजत होते. प्रेम आहेच, पण भीतीही आहे, आणि ती आम्ही कोणीच विचारली नव्हती.

उठल्यावर पोरगी बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुम्ही अजून हायेच?"

सतरा_नंबर
अजून हायेच! 😊

मोहफूल
काकूचं म्हणणं खोटं नाही. आमच्यावरबी तेच येते. लेकरू दगावलं की पहिले आशा. आंघोळ पोट्टीनंच घालाव, काकूनं बाजूले बसाव. तीन-चार डाव. काकूले सांगा, बाळाले न्हाऊ घालाले शिकवणं हेच तुमचं काम हाये, न्हाऊ घालणं नाही. ओव्याची धुरीबी कमी करा म्हणा, लेकराच्या छातीत जाते.

नागपुरी_संत्रं
अवांतर: वझ्झरला, अचलपूर तालुक्यात, शंकरबाबा पापळकर यांचं काम बघितलं आहे का कोणी? बेवारस, अपंग मुलांना स्वतःचं नाव देऊन वाढवलं त्यांनी. 18 वर्षांनंतर ही मुलं जाणार कुठे, हाच त्यांचा सरकारला जुना प्रश्न. 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रश्न तिथेच.

पळसगावकर
पुरुषांनी या सगळ्यात काय करायचं? खरंच विचारतो आहे. त्या घरात काका असतील ना?

ओसरी
आहेत. दिवसभर वावरात, सध्या कपाशीच्या फवारणीत. मी आले की बाहेरच्या बाहेर चहा पिऊन जातात. संकोच. पण परवा तालुक्याहून येताना बाळासाठी रबराचं बदक आणलं आणि कोणाला न सांगता खिडकीत ठेवून गेले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही हे, पण सांगावंसं वाटलं.

ओसरी
धागा वर काढते आहे, अडीच महिन्यांनी.

अहवालाचं आधी. मी एक केलं. लिहिलेलं पान पाठवण्याआधी तिला वाचून दाखवते. "मातेचे वर्तन"मध्ये काय लिहू, हे तिलाच विचारते. पहिल्यांदा ती नुसती हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "लिवा, रात्री तीनदा उठते." लिहिलं. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातून पेन घेतलं आणि "शिफारस"च्या रकान्यात लिहिलं: दुसरा पाळणा. अक्षर सुंदर आहे हो तिचं. नववीपर्यंत कोणीतरी चांगलं शिकवलं आहे. कार्यालयातून फोन आला, "मॅडम, हे काय?" मी म्हटलं, शिफारस.

दाखला मिळाला. तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला मी निकालाची प्रत नेली. कर्मचाऱ्याने ती वाचली नाही, पण प्रत आणली आहे म्हटल्यावर शिक्का सापडला. फाइल खरंच एकच होती, वकीलसाहेब. आता दोन झाल्या. अनुरक्षणाचा अर्ज दिला आहे, पोच माझ्या कपाटात. वाढदिवस मार्गशीर्षात. उत्तर अजून नाही.

सगळं गोड नाही. मधल्या एका गुरुवारी ती माझ्याशी बोललीच नाही. गावातल्या कोणीतरी हापशीवर काहीतरी म्हटलं होतं. मी दीड तास बसून परत आले. एसटीत रडू आलं, माझंच. पुढच्या गुरुवारी तिने विचारलं, "मांगच्या टायमाले राग आला काय?" मी म्हटलं, आला होता. ती म्हणाली, "मले वाटलं तुम्ही येत नाही आता."

आणि पोळा झाला. तान्ह्या पोळ्याला काकांनी लाकडाचा नंदी आणला, चाकं लावलेला, हाताएवढा. बाळाला अजून धड बसताही येत नाही, पण सकाळी पोरीने त्याला स्वतः न्हाऊ घातलं. पाटावर बसून, पाय पसरून. काकू शेजारी तांब्या धरून बसल्या होत्या आणि दर मिनिटाला "कानात जाईन पाणी" म्हणत होत्या. मी गेले तेव्हा मोरीतून आवाज आला, "बाई, टॉवेल देता काय?"

मी दिला.

मोहफूलताई, धुरी काही केल्या बंद होत नाही. काकू ऐकत नाहीत.

मोहफूल
होईन. मले नंबर पाठवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.